नळाचा न, बाणाचा ण

“मागच्या घरातले काका आलेत,” उन्नती दारातून म्हणाली आणि सुपातले तांदूळ निवडणारा यमुनेचा हात थांबला. मागच्या घरात नथू राहत होता. उन्नती जन्मली त्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथंच राहत होता. ती बोलायला लागली तेव्हा बाबा, आते आणि नथू एवढीच माणसं तिला नावानं हाक मारता येत होती. पुढे नथूचा नथूकाका झाला, पण मागच्या घरातले काका तो कधीच झाला नव्हता. यमुनेला वाटलं, भांडणबिंडण झालं असेल. पण नथू शिडी मागायला आला होता. उन्नतीनं स्वतः शिडी काढून दिली, एका बाजूनं धरून अंगणाच्या कडेपर्यंत पोचवली, तो काहीतरी थट्टेनं बोलला त्यावर मान हलवून हसलीही. मग ती आत आली आणि भांडी घासायला बसली. यमुना तांदळाकडे बघत राहिली. पायाखालची फरशी किंचित हलावी आणि आपणच हललो असं वाटावं, तसं काहीतरी तिला झालं. दुपारी तिनं विचारलं, “पानी ठेवलंस का गं?” उन्नतीनं माठाकडे बोट केलं. “आनखी भात?” तिनं ताटावर हात आडवा धरला. “कोन होतं मघाशी रस्त्यावर तुज्यासंगं?” उन्नतीनं थोडा विचार केला, जणू एखाद्या ओझ्याला कुठून हात घालावा हे बघत होती, आणि म्हणाली, “बरोबरची एक.” बरोबरची एक म्हणजे सलोनी. सलोनीचंही नाव तिनं घेतलं नाही.

यमुना त्या दुपारी आडवी झाली पण तिला झोप लागली नाही. ती आत्मारामची थोरली बहीण. नवरा वारल्यावर जूचंद्रला माहेरी परत आली, आणि उन्नतीची आई बाळंतपणात गेली तेव्हापासून ही पोर तिच्याच हाताखाली वाढली. तिच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार यमुनेला ठाऊक होते. रागाचं गप्प बसणं जड पावलांचं असे, दुखण्याचं गप्प बसणं भिंतीकडे तोंड करून असे. हे तसं नव्हतं. उन्नती बोलत होती. “बाबा कुठं गेले?” विचारत होती. “आते, सकाळी लवकर उठव,” म्हणत होती. फक्त ती काही जागा चुकवून जात होती. भरतीनंतर मिठागराच्या बांधावरून चालताना माणूस जसा खचलेली माती ओळखून तिथं पाय देत नाही, तशी. यमुना छपराकडे बघत पडली आणि पोरीनं न बोललेले शब्द आठवू लागली. नथू. सलोनी. पाणी. कोण. नाही. नको. हे शब्द तिनं कानांनी जुळवून पाहिले तर त्यांच्यात काहीच सारखं सापडेना. मग सवयीनं तिनं ते डोळ्यांपुढे मांडले. यमुना अक्षर उशिरा शिकली होती, त्यामुळे अजूनही शब्द तिला एकसंध दिसत नसे. एकेक अक्षर दगडासारखं वेगळं दिसे, आणि ते दगड एका रांगेत ठेवले की मग शब्द होई. तिनं ते दगड ठेवले. न, थू. स, लो, नी. पा, णी. आणि ती उठून बसली.

पोरगी न टाळत होती. आणि ण टाळत होती. दोन्ही.

तिनं पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. चार दिवसांत उन्नती एकदाही “नाही” म्हणाली नव्हती, नुसती मान हलवत होती. “आणि” म्हणत नव्हती, “पण” म्हणत नव्हती. त्यामुळे तिची वाक्यं एकमेकांना जोडली जात नव्हती आणि मध्ये कुठे वळतही नव्हती. प्रत्येक वाक्य एकेकटं येऊन उभं राहायचं आणि संपायचं. ऐकणाऱ्याला ती फक्त शांत झालेली वाटली असती. आत्माराम तर परवा म्हणालासुद्धा, “शानी झाली पोर, बडबड कमी झाली.” यमुनेला मात्र आता ते ऐकवेना. शेगडीपाशी बसलेली ही मुलगी दिवसभर मनातल्या मनात प्रत्येक शब्द आधी उलटून बघते, त्यात ते अक्षर आहे का ते तपासते आणि मगच तोंडाबाहेर काढते, हे एकदा कळल्यावर तिच्या साध्या “बरं”चीही यमुनेला भीती वाटू लागली.

हे सुरू झालं ते रविवारी. गावच्या समाजमंदिरात त्या उन्हाळ्यात रविवारी एक वर्ग चालायचा. बारावीची परीक्षा दिलेल्या मुलांसाठी तो होता. पुढे कोणकोणती कॉलेजं असतात, कुठे काय शिकता येतं, कुठे नुसते मार्क बघतात आणि कुठे समोर बसवून प्रश्न विचारतात, हे तिथं सांगायचे. चंद्रहास सर तो वर्ग घ्यायचे. ते मूळचे मालवणकडचे, मुंबईत विमा कंपनीत नोकरीला आणि नायगाव स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला. वसईगावातल्या पॉलिन टीचर त्यांच्या मदतीला यायच्या. गावातल्या मुलांना तोवर तीनच वाटा माहीत होत्या, सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स, आणि चौथी वाट म्हणजे वसईच्या कंपनीत पॅकिंग. सरांनी फळ्यावर कितीतरी वाटा काढल्या. त्यांतली एक उन्नतीनं धरली. समाजकार्याचं कॉलेज. ते मुंबईत होतं, आणि तिथं निकालाच्या आधीच मुलाखत घेत. “लोकांच्या घरी जायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं, दवाखान्यात, कोर्टात त्यांच्यासोबत उभं राहायचं,” पॉलिन टीचरनी सांगितलं होतं. घरी येताना उन्नती म्हणाली होती, “आते, ह्याचं पन कॉलेज असतं गं. तू तर हे अशीच करत आलीस.” तेव्हा ती असं भरभर बोलत होती.

वर्गात सर मुलांना एकेक करून उभं करायचे. नाव सांगा, गाव सांगा, काय शिकायचंय ते सांगा. मुलं पानी म्हणायची, कोन म्हणायची, आनि म्हणायची. सर हसायचे नाहीत. थांबवून नीट सांगायचे, “पाणी. कोण. आणि. जीभ वर न्या, टाळूला लावा. तिथले लोक तुमची बुद्धी बघायच्या आधी तुमचा हा ण ऐकतात. बरोबर नाही ते, पण ऐकतात.” उन्नतीला त्यांनी एका रविवारी बऱ्याच वेळा थांबवलं. ती घरी आली ती कानशिलं लाल होऊन. लिहिताना तिचा एक ण चुकत नव्हता. पण घरात, गल्लीत, शाळेच्या मैदानात, जिथं ती अठरा वर्षं बोलली होती तिथं तो आवाजच नव्हता. तो फक्त पुस्तकात होता.

यमुनेला हे कळत होतं, कारण तिचं आणि त्या अक्षराचं जुनं नातं होतं. साक्षरतेचे वर्ग गावात आले तेव्हा उन्नती पहिलीत होती आणि यमुनेचे केस अर्धे पांढरे झाले होते. कामावरून आल्यावर बायका ओटीवर बसायच्या, मिठानं चिरलेल्या टाचांना खोबरेल लावायच्या आणि पाटीवर गिरवायच्या. शिकवणारी मुलगी चित्रं दाखवायची. नळाचा न यमुनेला लगेच आला. मग पुष्कळ पुढे एक चित्र आलं, धनुष्याला लावलेला तीर. मुलगी म्हणाली, बाणाचा ण. यमुनेनं निरखून पाहिलं. बान. बानाचा न. न तर होऊन गेला होता, मग हा आणखी एक कशाला? तिला वाटलं, छापणाऱ्याची चूक झाली. तिनं तसं विचारलंही, आणि मुलगी बराच वेळ न, ण, न, ण म्हणत राहिली. यमुना तिच्या ओठांकडे बघत राहिली. तिला दोन्ही वेळा एकच ऐकू आलं. तिनं मग वाद घातला नाही. एका घरात दोन भाऊ असतात, एक धाकटा, एक थोरला, तसे हे दोन असतील. धाकटा साध्या लोकांचा, थोरला शिकलेल्यांचा. कुठे कोणता लिहायचा हे तिनं डोळ्यांनी पाठ केलं, पहिलीतल्या उन्नतीच्या शेजारी बसून, तिच्याच पुस्तकातून. कानांना त्यातलं काही सांगावं असं तिला कधी वाटलं नाही.

म्हणून त्या आठवड्यात रोज संध्याकाळी, ओटीवर सुकट निवडता निवडता, ती उन्नतीकडून बोलणं घोकून घेत होती. म्हन, पानी. म्हन, कोन. उन्नती म्हणायची. यमुनेला ते बरोबर आलं की चूक हे कळायचं नाही, पण पोरीच्या तोंडाकडे बघून ती ठरवायची. जीभ वर गेलेली दिसली की मान डोलवायची. आणि उन्नती वैतागून म्हणाली, “आते, बोलताना एवढं ध्यानात कसं राहील, कुटं न आनि कुटं ण?” तेव्हा यमुनेनं तिला सांगितलं होतं, “अडलीस का वरचा घाल. खालच्याला हसतात. वरच्याला कोन हसत नाय.” हे तिला फार शहाणपणाचं वाटलं होतं. देवळात जाताना शंका आली तर माणूस चांगलंच लुगडं नेसतो. चांगल्या लुगड्याला कोण नाव ठेवतं?

पुढच्या रविवारी समाजमंदिर भरलं होतं. आया, आत्या, मावश्या मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या. सरांनी पुढे टेबल ठेवलं होतं, दोन बाजूंना खुर्च्या, खऱ्या मुलाखतीसारखं. उन्नती समोर जाऊन बसली. पाठ ताठ, हात मांडीवर. सर म्हणाले, “तुमची ओळख करून द्या.” ती काहीतरी बोलली. हॉल हसला. मुलं आधी, मग पुढच्या रांगा, मग हसणं वाऱ्यानं भात वाकावा तसं मागे मागे येत सतरंजीपर्यंत आलं, आणि शेजारच्या बाईबरोबर यमुनाही हसली. तोंडाला पदर लावून हसली. उन्नतीनं वळून मागे बघितलं. तिनं हसणाऱ्या पोरांकडे बघितलं नाही. तिनं सरळ यमुनेकडे बघितलं.

वाटेत पॉलिन टीचर यमुनेला म्हणाल्या, “मावशी, पोरीला बोलू नका हां काही. टेन्शनमध्ये होतं असं. नावातच ण घातला बिचारीनं. माझं णाव उण्णती.”

“काय झालं मंग त्यात?” यमुना म्हणाली.

“उण्णती म्हणाली ना ती.”

“तेच नाव हाय तिचं.”

पॉलिन टीचर थांबल्या. त्यांनी यमुनेकडे नीट बघितलं. मग खाली वाकून, रस्त्याकडेची काडी उचलून त्यांनी धुळीत तो शब्द लिहिला, आणि त्याखाली दुसरा. तेव्हा यमुनेला दिसलं. जिथं न हवा होता तिथं सगळीकडे थोरला जाऊन बसला होता. तिच्या सांगण्यावरूनच बसला होता. उन्नती दोघींच्या पुढे, एकटी, भराभर चालली होती. टीचर सहज बोलावं तसं म्हणाल्या, “आमच्या घरात आम्ही बोलतो ना मावशी, ते तुम्हाला समजणार पण नाही. वर्गात आलं की मी हे बोलते. एवढी वर्षं झाली, तरी अजून डोकं दुखतं संध्याकाळी.”

बुधवारी संध्याकाळी यमुना सरांच्या बिल्डिंगखाली जाऊन उभी राहिली. तिथं बसायला ओटी नव्हती. माणसं येत होती, जिन्यात शिरत होती, आणि कोणी कोणाला कुठून आलात विचारत नव्हतं. सर ऑफिसातून आले, हातात बॅग, शर्ट पाठीला चिकटलेला. “मावशी, तुम्ही इथे?” ते म्हणाले आणि वर चला म्हणून आग्रह करू लागले. ती वर गेली नाही. तिनं तिथंच विचारलं, “नाव लिवून दिलं तर नाय का चालनार? हात चांगला हाय तिचा.”

“मुलाखत आहे मावशी. बोलावंच लागतं. आणि पहिला प्रश्न नावाचाच असतो.” सरांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. “मी चुकलो का हो? मी फार टोकलं का तिला?”

“तुमी चांगल्यासाठीच केलं.”

“आमच्याकडे हेल काढून बोलतात. नोकरीला लागलो तेव्हा माझ्या मागून चालत यायचे लोक, तो हेल काढत. मी तो काढून टाकला. आरशासमोर उभा राहून काढला.”

“मंग घरी गेल्यावर?”

सर हसले. “घरी गेल्यावर आई म्हणते, ह्यो कोण सायब इलो?” ते हसले खरे, पण मग जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवू लागले. “आता ठरवून बोललो तरी तो हेल परत येत नाही,” ते म्हणाले. “नक्कल केल्यासारखं वाटतं. मावशी, उन्नतीला म्हणावं, मुलाखतीला जा. नाव नीट नाही आलं तरी जा. गेलीच नाही तर मात्र संपलं.”

परतताना यमुनेच्या मनात ते बसून राहिलं. माणसाच्या तोंडातून एखादी गोष्ट काढून टाकता येते, दात काढतात तशी, आणि त्या जागी दुसरी बसवता येते. मग जीभ कुठे जाते सवयीनं? त्या रिकाम्या जागेत जाते की नव्या दातावर? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जिथं पूर्वी भाताची खाचरं होती तिथं आता इमारतींचे पाये खणले होते आणि खड्ड्यांत हिरवं पाणी साचलं होतं. ती चालत राहिली. या पोरीला आपण कशासाठी तयार करतोय, असा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला. तोवर ती समजत होती की कॉलेज म्हणजे पुढचं पुस्तक.

आणि मग गुरुवारी नथू शिडी मागायला आला, आणि यमुनेला सगळं कळलं.

त्या रात्री जेवताना आत्माराम म्हणाला, “सोमवारी जायचं ना मुंबईला? काय गं, जीब समाजमंदिरात ठेवून आलीस काय?” उन्नती भात कालवत राहिली. “मुकीच बसनार असशील तर नको जाऊ. पॅकिंगला मुकी पन चालते. मुकी असंल तर सुपरवायझर जास्त खूश.” तो वाईट माणूस नव्हता. कंपनीत त्याला बोलावं लागत नव्हतं, आणि न बोलता त्याचं आयुष्य चाललं होतं. त्याच्या लेखी तो मुलीला एक सरळ वाट दाखवत होता. उन्नतीनं मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, हे यमुनेला कळलं नाही. आत्माराम मात्र म्हणाला, “बरं तर. सोमवारी मी बोलून ठेवतो सायबाशी.” म्हणजे त्यानं नाही असंच धरलं होतं, आणि उन्नतीनं त्याला दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायला तिला निदान एक न लागला असता.

शनिवारी दोघीच घरी होत्या. यमुना चुलीपाशी, उन्नती उंबऱ्यावर, पाठ हिच्याकडे. यमुनेनं ठरवलं होतं की आता बोलायचं. ती म्हणाली, “बाय माझी, मना ठावं हाय तू काय करतेस ते. नलाचा न नाय बोलत, बानाचा पन नाय बोलत.” उन्नतीची पाठ ताठ झाली. “आइक. मना ते दोनी सारकेच ऐकू येतात. पयल्यापासून. तू हा बोल का तो बोल, मना कलतच नाय. मंग माज्यासमोर कशाला भितेस? माज्यासमोर तू चुकूच शकत नाय.” हे बोलताना तिला बरं वाटलं. आपल्या उण्या कानाचा पोरीला उपयोग होईल, सगळ्या जगात एक माणूस तरी असं आहे की ज्याच्यापुढे ती कशीही बोलली तरी चालेल, असं काहीतरी तिला द्यायचं होतं.

उन्नती वळली. तिचे डोळे कोरडे होते. तिनं शब्द निवडले, तपासले, आणि म्हणाली,

“मग हसलीस का?”

चुलीतलं लाकूड तडकलं. यमुनेनं ते उगाच आत सारलं. उन्नती थोडा वेळ थांबली, रागानं नाही, खरंच उत्तराची वाट बघत, आणि मग उठून मागच्या दारानं बाहेर गेली. यमुना तिथंच बसली. का हसलो? तिला तिथं, धुराच्या त्या कोपऱ्यात, मिठागराचा पांढरा उजेड दिसू लागला. डोळे उघडता येऊ नयेत असा उजेड. डोक्यावर मिठाची पाटी, पाटीतून खारं पाणी मानेवर, मानेवरून पाठीत. बायकांची रांग बांधावरून चालली आहे. पुढे मुकादम उभा आहे आणि तो पहिल्या बाईला काहीतरी बोलतो. पहिली हसते. दुसरी हसते. तिसरी, चौथी, हसणं रांगेतून मागे येत राहतं. यमुना तेव्हा रांगेत मागे असायची. तिला मुकादम काय बोलला ते कधी ऐकू आलं नाही, आणि तरी ती हसायची, कारण जी हसत नसे तिच्याकडे मुकादम बघायचा. पुढे कधीतरी कळायचं की तो तिच्याबद्दलच बोलला होता, तिच्या चालण्याबद्दल, तिच्या नवरा नसण्याबद्दल. त्यावरही ती हसून झालेली असायची. अंगात अशी सवय जाते. मीठ जसं कातडीत जातं. रविवारी हॉलमध्ये हसणं पुढून मागे आलं आणि तिचं तोंड आपोआप उघडलं. ती पोरीला हसली नव्हती. ती रांगेत होती, एवढंच. पण हे उन्नतीला कसं सांगायचं? आणि सांगितलं तरी त्यानं काय बदलतं? समोर टेबलापाशी एकटी बसलेल्या मुलीला मागे फक्त एवढं दिसलं की सगळे हसतायत, आणि त्यांत आतेसुद्धा आहे. पाठीवर हात ठेवणारं एक माणूस असतं, आणि ते वळून बघितल्यावर रांगेत उभं दिसतं.

ऊन उतरल्यावर ती मागच्या दाराशी गेली. उन्नती शेवग्याखाली, कुंपणाकडे तोंड करून उभी होती, आणि अगदी हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होती. यमुना दाराआडच थांबली. पोरगी आपलं नाव म्हणत होती. म्हणायची, थांबायची, जिभेनं काहीतरी चाचपायची, पुन्हा म्हणायची. यमुनेनं डोळे मिटून सगळा जीव कानांत आणला. तिला प्रत्येक वेळी तेच ऐकू आलं. बरोबर आणि चूक तिच्यासमोरून हातात हात घालून जात होते, आणि तिला त्यांचे चेहरे दिसत नव्हते. तिला वाटलं, पुढे व्हावं, तिच्या डोक्यावरून हात फिरवावा. पण ती गेली नाही. त्या कुंपणापाशी पोरीला जे काही करायचं होतं त्यात कोणाच्या मान डोलावण्याची गरज नव्हती. ती आत येऊन आत्मारामची वाट बघत बसली, आणि तो आल्यावर त्याला म्हणाली, “सायबाला काय बोलू नको. सोमवारी मी जाते तिच्यासंगं.” आत्माराम म्हणाला, “ती बोलली का जायचं म्हनून?” यमुना म्हणाली, “बोलतेय.”

सोमवारी त्या गेल्या. कॉलेज दगडी होतं आणि आत थंड होतं. लांब व्हरांडा, एका कडेला बाक, बाकांवर मुली आणि त्यांचे आईवडील. मुली एकमेकींशी इंग्रजीत बोलत होत्या, मधूनच मराठीत, आणि त्यांची मराठी यमुनेला सरांच्या बिल्डिंगसारखी वाटली, नीटनेटकी, जिथं कुठे बसावं ते कळत नाही अशी. ती बाकाच्या टोकावर बसली. उन्नती शेजारी बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. सकाळपासून ती “चल” आणि “उतर” एवढंच बोलली होती. तिच्या ओठांवर पापुद्रे आले होते. यमुनेला वाटलं, आत्ताही मागे फिरता येईल. फिरलो तर ही पोर कंपनीत जाईल, आणि रोज संध्याकाळी घरी येईल, आणि जशी आहे तशीच राहील. आणि मग तिला स्वतःचाच धक्का बसला, कारण तिला ते क्षणभर हवंसं वाटलं होतं. आत गेली तर ही तिथं बोलायला शिकेल. मग एक दिवस घरी येईल आणि आपल्याला तिच्यात काहीतरी वेगळं वाटेल, आणि काय वेगळं ते आपल्याला कधीच ऐकू येणार नाही. लोक सांगतील, तुमची उन्नती किती शुद्ध बोलते, आणि आपण मान डोलवू.

दार उघडलं. चष्म्यातला एक कारकून हातात कागद घेऊन बाहेर आला. आधीची मुलगी बाहेर पडली, तिच्या आईनं तिला जवळ घेतलं. कारकुनानं उन्नतीकडे बघितलं. “पुढे कोण? नाव सांगा.”

उन्नतीनं तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. कारकुनानं पेन कागदावर टेकवलं. “नाव?” तो पुन्हा म्हणाला, थोडं मोठ्यानं, ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं तसं. यमुना केव्हा उठली ते तिचं तिला कळलं नाही. नाव तर तिनंच ठेवलं होतं, बारशाला पोरीच्या कानात तिनंच सांगितलं होतं, तेव्हा तिला ते लिहिता येत नव्हतं. आपण सांगावं आणि हे संपवावं, असं वाटून तिनं ओठ गोल केले. उ—

उन्नतीचा हात तिच्या मनगटावर आला. हात गार होता आणि पकड घट्ट होती.

“नको, आते,” ती म्हणाली. “मी सांगते.”

मग ती कारकुनाकडे वळली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, भोईर हे आडनाव. सावकाश, एकेक अक्षर जागेवर ठेवत. यमुनेला ते ऐकू आलं. शेवग्याखाली ऐकू आलं होतं तसंच, पाळण्यापाशी तिनं स्वतः उच्चारलं होतं तसंच. म्हणून तिनं कारकुनाच्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या ओठांच्या कडांकडे बघितलं, भुवईकडे बघितलं. मग बाकांवरच्या मुलींकडे बघितलं. कोणी हसलं नाही. कोणाची मान वळली नाही. कारकुनानं नाव लिहून घेतलं, लिहिताना त्याचं पेन कुठे अडलं नाही, आणि तो म्हणाला, “आत जा.”

उन्नती आत गेली. दार लागलं. यमुना उभीच होती, आणि बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की तिचे ओठ अजून तसेच गोल आहेत, आणि नावाचं ते पहिलं अक्षर अजून तोंडातच आहे. तिनं ते गिळलं आणि ती बाकावर बसली.